मी अकोल्यात नव्हतो

चष्मा कपाळावर, मोबाइल हातभर लांब, मान थोडी मागे. या पवित्र्यात ते उभे राहिले की आम्हाला कळायचं, मेल आला आहे. मग प्रश्न यायचा. तो आम्हाला नसायचा, थेट मोबाइलला असायचा.

"कोणाच्या सहीनं आलं हे?"

"काकाजी, मेलवर सही नसते."

"सही नाई, शिक्का नाई, जावक नंबर नाई. आन् म्हणते तुमचं खातं धोक्यात हाय. याले पत्र म्हणाव का पानठेल्यावरच्या गप्पा?"

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. निवृत्त होऊन वर्षं लोटतात, पण अंगातलं ऑफिस उतरत नाही. आमच्या काकाजींचं प्रकरण जरा अधिक गंभीर होतं. अमरावतीच्या एका सरकारी कार्यालयात ते दाखल्यांच्या पडताळणीच्या टेबलावर बसले आणि तिथूनच घरी आले. दाखला खरा की बनावट, रहिवासी आहे म्हणतो तो माणूस खरंच तिथे राहतो की नाही, हे पाहण्यात त्यांची नोकरी गेली. घरी आल्यावर ते भाजीवाल्याचीही पडताळणी करायचे. तो म्हणाला, वांगी आजचीच आहेत, की हे विचारणार, "कोण्या गावची? कोणाच्या वावरातली?"

आमच्या वस्तीत विहाराच्या मागच्या खोलीत वाचनालय आहे. काकाजी त्याचे सचिव. वाचनालयाचं जे काही कागदोपत्री होतं, ते त्यांच्या कपाटात, आणि जे काही मोबाइलवर होतं, तेही दुर्दैवानं त्यांच्याच खिशात.

हे कसं झालं ते सांगते. माझे बाबा सायकलवरून पत्रकं वाटायचे. सभेची, मोर्चाची, निषेधाची, अभिनंदनाची. बाराखडी मी त्या पत्रकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गिरवली, आणि पुढची बाजू वाचता यायला लागली तेव्हा भांडायला शिकले. वाचनालयात अशा पत्रकांचे गठ्ठे होते. तेल्हाऱ्याकडच्या एका गावातल्या बायांनी हातपंपासाठी काढलेलं पत्रक होतं. नांदगाव पेठेतल्या कामगार बायांनी रातपाळीनंतर घरी सोडायला गाडी हवी म्हणून काढलेलं होतं. वसतिगृहातल्या मुलांनी कच्च्या पोळ्यांच्या विरोधात काढलेलं एक होतं, त्यात पोळीचं वर्णन इतकं जहाल होतं की वाचून आजही पोटात कळ यावी. कोणत्याही पुस्तकात न आलेली माणसं या कागदांवर आपल्या भाषेत बोलत होती.

एका उन्हाळ्यात मी आणि माझ्या मैत्रिणीनं त्या सगळ्यांचे फोटो काढले आणि ते ठेवायला इंटरनेटवर वाचनालयाचं खातं उघडलं. खातं उघडताना त्यानं मोबाइल नंबर मागितला, कायम राहील असा. आम्ही तरुण मंडळी ज्या कंपनीची योजना स्वस्त तिचं सिम घेणारी. ज्याचा नंबर कधीच बदलला नाही असा एकच माणूस खोलीत होता. काकाजींचा नंबर दिला. मालक म्हणून नावही त्यांचंच पडलं.

पुढच्या वर्षी गच्चीवरची टाकी फुटली. पाणी भिंतीतून खोलीत उतरलं आणि गठ्ठ्यांचा लगदा झाला. बाबांनी जन्मभर वाटलेले कागद मी दोन्ही हातांनी घमेल्यात भरून बाहेर टाकले. उरलं ते खात्यातलं. त्याची दुसरी प्रत काढून ठेवायला हार्ड डिस्क घ्यावी, असा ठराव वाचनालयाच्या बैठकीत एकमतानं झाला. पुढच्या बैठकीत तो पुन्हा एकमतानं झाला. हार्ड डिस्क काही आली नाही.

म्हणजे आता सगळं काही त्या एका खात्यात होतं, आणि त्या खात्याचं दार काकाजींच्या शर्टाच्या वरच्या खिशात.

आता त्यांची मेल तपासायची रीत ऐका. एकदा मोबाइल हातात धरून ते प्रसन्न चेहऱ्यानं आले. "हे पाय. याले म्हणतात पत्र." मी वाचलं. वर 'विषय', खाली 'संदर्भ क्रमांक', मग 'महोदय', मग 'आज सायंकाळपर्यंत पडताळणी न केल्यास आपले खाते कायमचे बंद करण्यात येईल', आणि खाली कोणा मुख्य सुरक्षा अधिकाऱ्याची वळणदार सही.

"काकाजी, हे बनावट आहे."

"संदर्भ क्रमांक हाय."

"तो कोणीही टाकतो!"

"कोणीबी कसा टाकन? जावक नोंद नसते काय त्यायच्याकडं?"

मी कपाळावर हात मारून घेतला. पण त्यांनी त्या मेलमधली लिंक दाबली नाही. का, तर पत्र आलं की आधी पत्राला उत्तर द्यायचं असतं. त्यांनी उत्तर दिलं. मी ते पाहिलं आहे. 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, पडताळणीस आमची हरकत नाही. तथापि सदर पडताळणी कोणत्या नियमान्वये करण्यात येत आहे, त्याची साक्षांकित प्रत पाठविण्यात यावी.' खाली नाव, पद आणि मोबाइल नंबर.

मोबाइल नंबर! चोराला!

दुसऱ्या दिवशी चोराचा फोन आला. आम्ही वाचनालयातच होतो. पलीकडून गोड हिंदी, "सर, आपके पास एक ओटीपी आया होगा..." काकाजी म्हणाले, "पयले तुमचं पदनाम सांगा." तो काहीतरी बोलला. "बरं. तुमचे नियंत्रण अधिकारी कोण? त्यायले देता का जरा फोन?" काकाजींनी मोबाइल कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं.

"आपटला त्यानं."

"तो चोर होता, काकाजी!"

"चोर असन. पण वरिष्ठाचं नाव विचारलं तं फोन आपटाची रीत हाय काय?"

खरी पंचाईत खऱ्या मेलची. खऱ्या मेलवर सही नसायची, संदर्भ क्रमांक नसायचा, आणि पत्त्यात लिहिलेलं असायचं, 'नो रिप्लाय'. त्याचा अर्थ मी त्यांना सांगितला त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं काकू म्हणाल्या.

"उत्तर देऊ नका म्हणते? अवं, ज्याले उत्तर नाई पायजे, तो पत्र कावून पाठवते?"

इथे मात्र मला त्यांच्याशी भांडता आलं नाही. माझंही डोकं याच गोष्टीवर तापायचं. खऱ्या कंपन्या तशाच लिहितात, जसे चोर लिहितात. तीच घाई, तोच लाल त्रिकोण, तेच मोठं निळं बटण. आणि वर उपदेश की कोणतंही बटण दाबू नका. आमच्या वस्तीतल्या आशाताईनं, रिक्षावाल्यानं, दहावीच्या पोरीनं खरं-खोटं ओळखायचं ते कशावरून? फसला तर तो अडाणी, आणि ज्यांनी खऱ्याला खोट्यासारखं नटवलं ते मात्र शहाणे!

म्हणून मी पत्रक काढलं. रागावल्यावर दुसरं काही मला येत नाही. त्यात लिहिलं की मेल घाई करायला लावत असेल तर आधी थांबा. पाठवणाऱ्याचं नुसतं नाव बघू नका, नावामागचा अख्खा पत्ता उघडून अक्षर न् अक्षर वाचा. आणि मेल खरा वाटला तरी त्यातलं बटण दाबू नका. मेल बंद करा, आपलं खातं स्वतःच्या हातानं उघडा आणि सुरक्षेच्या पानावर तीच सूचना आहे का ते बघा. तिथे असेल तर खरी, नसेल तर खोटी. मथळा होता, 'दाबू नका!' काकाजींनी मसुदा तपासायला नेला आणि लाल शाईनं दुरुस्त करून आणला. मथळा झाला होता, 'दाबण्यात येऊ नये.'

मी तो तसा छापला नाही. त्यावरून त्यांनी माझ्याशी अबोला धरला. पण पत्रक मात्र शब्दाला शब्द पाठ केलं.

मग त्यांच्या मुलानं त्यांना नवा मोबाइल घेऊन दिला. जुना दुकानदारानं बदल्यात ठेवून घेतला आणि त्यातलं सगळं पुसून टाकलं. नव्यात वाचनालयाचं खातं दुकानदारानंच घालून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्लासवर शिकवत होते. काकाजींचा फोन आला. आवाजात विजय होता.

"मेल आला होता. कोणतरी आपल्या खात्यात शिरलं मने. मी तुह्या पत्रकापरमानं सगळं केलं. पत्ता पाह्यला, अक्षर न् अक्षर. बटन नाई दाबलं. मेल बंद केला, खातं सोता उघडलं. सुरक्षेच्या पानावर तेच लिहून. म्हंजे असली."

"वा काकाजी!" मी खरंच म्हणाले. पोरं बघायला लागली इतक्या मोठ्यानं म्हणाले. "मग?"

"मंग काय. त्यायनं इचारलं होतं, अकोल्याजवळून नव्या मोबाइलवर खातं उघडलं गेलं, ते तुमीच होता काय. मी लिहून देल्लं, नाई."

"काकाजी... नवा मोबाइल तर तुमचाच."

"माहाच हाय. पण मी अकोल्यात नव्हतो."

खडू माझ्या हातात मोडला.

वाचनालयात पोचेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. मालकानंच सांगितलं की शिरलेला माणूस मी नव्हे, म्हणून खात्यानं त्या परक्या माणसाला, म्हणजे काकाजींनाच, बाहेर काढून दार लावून घेतलं होतं. आम्हा बाकीच्यांनाही काढलं. पडद्यावर एकच प्रश्न थांबला होता. अकोल्याजवळचा तो प्रयत्न तुमचाच असेल तर 'हो, मीच होतो' असं सांगा. ठरलेल्या मुदतीत न सांगितल्यास खातं बंद राहील. आणि खात्यातल्या मजकुराची हमी नाही.

हमी नाही. मी ते वाक्य उभ्यानंच वाचलं. हातपंपाच्या बाया, रातपाळीच्या बाया, कच्च्या पोळीची पोरं, माझ्या बाबांची सायकल, सगळं त्या दोन शब्दांत.

"दाबा हो म्हणून."

"कसं दाबू? मी अकोल्यात नव्हतो."

"इंटरनेटला कळत नाही तुम्ही कुठे बसला आहात ते! मोबाइलचं नेटवर्क अकोल्यावरून फिरून येतं, म्हणून ते अकोला म्हणतं!"

"माणूस जठी असते तठीच असते. फिरून कसा येईन?"

"प्रश्न जागेचा नाही, माणसाचा आहे!"

"मंग माणसाचा इचाराव. त्यायनं अकोला लिहिलं. मी हो म्हणलं तं मी अकोल्यात होतो असं होते. रेकॉर्डवर."

रेकॉर्डवर! जगातल्या कुठल्याशा थंड खोलीत ठेवलेल्या यंत्राच्या रेकॉर्डवर आपण एका सकाळी अकोल्यात नव्हतो, हे राहिलं पाहिजे, असं या माणसाला वाटत होतं. तिकडे आमचा इतिहास बुडत होता.

बैठक बोलावली. सगळे त्यांच्यावर तुटून पडले. एकजण म्हणाला, "काकाजी, द्या इकडं, मी दाबतो." काकाजींनी मोबाइल खिशात घातला आणि खिशावर हात ठेवला. "तू दाबशीन. पण नाव माहं लागन." खरं सांगते, त्यांचा हात धरून मोबाइल हिसकावून घ्यावा, असं मला वाटलं. नाही हिसकावला, कारण जबरदस्तीनं कोणाचा अंगठा उठवण्याविरुद्ध मी स्वतः पत्रकं काढलेली आहेत. तत्त्वं अशी नको त्या वेळी आडवी येतात.

मग काकाजीच म्हणाले, "मंग अकोल्यालेच जाऊ ना."

"कशाला?"

"तठी जाऊन पुन्यांदा उघडतो. तवा ते अकोला मनन, आन् मी अकोल्यात असन. मंग हो म्हणाले काय हरकत?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण त्यांच्यासोबत मला जावं लागणार हे मला कळलं होतं.

सकाळची एसटी धरली. बडनेरा मागे पडेपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. त्यांनी खिडकीची जागा मला दिली, काकूंनी दिलेला डबा मांडीवर घेतला आणि दर थोड्या वेळानं मोबाइल काढून तो अजून अमरावती म्हणतो की काय ते बघत राहिले. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा माझा बांध फुटला.

"काकाजी, एक बटण. एका बटणासाठी आपण जिल्हा ओलांडून चाललोय. तुम्हाला लाज नाही वाटत?"

त्यांनी डब्याचं झाकण नीट बसवलं.

"मी नवा लागलो होतो नोकरीले," ते म्हणाले. "एक अर्ज आला माह्याविरुद्ध. निनावी. याचा जातीचा दाखला बोगस हाय, आन् हा त्या गावचा राहणाराच नाई. खाली सही नाई. कोणी लेहला, आजवर नाई समजलं. पण चौकशी लागली. लग्नाची बोलणी मोडली तवा माही. गावात जाऊन लोकायले इचारलं, शाळेत इचारलं, माह्या मायले इचारलं, हा तुमचाच पोरगा हाय काय. मायनं अंगठा देल्ला, हो मनून."

बस सुरू झाली. ते पुढे म्हणाले, "वाचलो. लोक म्हणत, खरं होतं मनून वाचला. तसं नाई वं. सगळंच्या सगळं खरं होतं मनून वाचलो. एक ओळ जरी इकडची तिकडं असती, तं त्यायनं तेवळीच धरली असती. दुसऱ्यायच्या कागदात चालते एखांदी ओळ. आपल्या कागदात नाई चालत."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. कपाशीच्या काळ्या रानातून बस चालली होती. मला त्या निनावी अर्ज लिहिणाऱ्याचं नाव हवं होतं, आणि ते मिळण्यासारखं नव्हतं. काही बोलावं असं वाटत होतं, तेवढ्यात काकाजींनी पुढच्या सीटवरच्या माणसाला विचारलं, "भाऊ, तुमचा मोबाइल काय म्हणते? आपण कोण्या गावाजवळ हाओ?" आणि मला पुन्हा त्यांचा राग आला.

अकोल्याच्या बसस्टँडबाहेर एका चहाच्या टपरीवर बसलो. काकाजींनी चहावाल्याला आधी विचारलं, "हे अकोलाच हाय ना?"

त्यानं आमच्याकडे नीट पाहून घेतलं. "नाई बाबूजी, मुंबई हाय. तो समुद्र दिसून नाई राहिला काय तुमाले?" त्यानं कपबश्या विसळायच्या पाण्याच्या टोपाकडे बोट दाखवलं.

काकाजी हसले नाहीत. ते कामावर होते. त्यांनी पासवर्ड टाकला, मोबाइलवर आलेला आकडा टाकला. पडद्यावर चक्र फिरलं. नवा प्रश्न उमटला. आताचा हा प्रयत्न तुमचाच आहे का? ठिकाण, नागपूरजवळ.

मी टेबलावर डोकं ठेवलं. खरंच ठेवलं. टेबल चिकट होतं तरी ठेवलं.

"आता हे म्हणते, आपण नागपुरात हाओ," काकाजी चहावाल्याला म्हणाले.

"मंग जा बापा नागपूरले," तो म्हणाला. "पन चहाचे पैसे देऊन जा."

आणि ते गेलेही असते. मला खात्री आहे. त्यांनी एसटी नागपूरला किती वाजता आहे, हे विचारायला तोंड उघडलंही होतं. पण जाण्याआधी ते पान शेवटपर्यंत वाचून काढणं त्यांना भाग होतं, कारण कागद अर्धवट वाचून जागेवरून उठायची त्यांना सवय नव्हती. ते बोटानं पान वर सरकवत राहिले. वाचनालयात ते पहिल्याच प्रश्नाशी अडले होते आणि आम्ही सगळे त्यांच्या अंगावर ओरडत होतो, त्यामुळे खाली कोणी गेलंच नव्हतं. एकदम तळाशी, करड्या रंगात, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. काकाजींनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला.

"दाखवलेले ठिकाण अंदाजे असते," त्यांनी मोठ्यानं वाचलं. मग पुन्हा वाचलं. "अंदाजे! अवं, मंग हे आधी कावून नाई सांगतलं?"

"मी दोन दिवस दुसरं काय सांगून राहिली?" मी ओरडले. स्टँडवरचे लोक वळून बघायला लागले.

"तू सांगतलं. त्यायनं लेखी कुठी देल्लं होतं?"

सांगू का, ते बरोबरच बोलत होते. जी ओळ प्रश्नाच्या शेजारी ठसठशीत हवी, ती तळाशी नेऊन पुरून ठेवायची आणि माणसाला अकोल्याला पाठवायचं, हा कुठला न्याय? मी तिथल्या तिथे मनात पत्रकाचा मथळा जुळवायला घेतला होता.

"आता दाबता का?"

"थांब. अठी लेहाची जागा हाय."

त्या ओळीखाली एक चौकट होती, काही सांगायचं असल्यास सांगा. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, त्यांनी लिहिलं. चहावर साय धरली. 'सदर दोन्ही प्रयत्न मीच केले आहेत. तथापि पहिल्या वेळी मी अमरावती येथे होतो व दुसऱ्या वेळी अकोला येथे आहे. नोंद दुरुस्त करण्यात यावी.' मग वर जाऊन त्यांनी 'हो, मीच होतो' दाबलं. दोनदा. अकोल्यासाठी एकदा, नागपूरसाठी एकदा.

मोबाइल वाजला. मेल आला. 'तुमचे खाते पुन्हा सुरू झाले आहे.'

मी हात पुढे केला. "द्या, बघू द्या लवकर, सगळं आहे का आत."

त्यांनी मोबाइल छातीशी धरला. "घाई करू नको. पयले पत्ता पाहू दे कोणाचा हाय. तूच लेहलं ना पत्रकात?"

आणि त्या माणसानं तो मेल तपासला. पाठवणाऱ्याचा अख्खा पत्ता उघडला, बोट ठेवून अक्षर न् अक्षर वाचला, ओठ हलवत. बटण दाबलं नाही. मेल बंद केला. खातं स्वतःच्या हातानं उघडलं. सुरक्षेच्या पानावर गेले. तीच सूचना तिथे आहे याची खात्री केली. मी तोवर रडकुंडीला आले होते.

"असली हाय," ते म्हणाले आणि मोबाइल माझ्या हातात दिला.

सगळं होतं. मी हातपंपाचं पत्रक उघडलं, ते बोटांनी मोठं केलं. काकाजींनी ते माझ्या हातातून परत घेतलं आणि हातभर लांब धरून वाचायला लागले. मोठ्यानं, ऑफिसात टिपणी वाचावी तसं. गावच्या बाया विचारत होत्या की आमच्या आळीतला पंप नादुरुस्त होऊन दोन पावसाळे गेले, साहेब लोकांच्या घरचा नळ एक दिवस बंद ठेवून पाहावा. चहावाला फडकं खांद्यावर टाकून ऐकत उभा राहिला. शेवटी बायांची नावं होती, एकीखाली एक, आणि प्रत्येक नावासमोर अंगठा. काकाजींनी सगळी नावं वाचली. एकही गाळलं नाही.

"हे पत्र," ते म्हणाले.

चहावाल्यानं पैसे घेतले नाहीत. काकाजींनी ते बळंच दिले.

परतल्यावर मी बसस्टँडवरून घरी गेले नाही. ऑटो करून सरळ दुकानात गेले आणि हार्ड डिस्क घेतली. त्याच संध्याकाळी पत्रकांची प्रत काढली. खात्यातला नंबर बदलायचा ठरावही बैठकीत झाला, पण तो आमच्या इतर ठरावांसारखाच राहिला. खरं तर मीच त्याचा पाठपुरावा केला नाही. काकाजी अजून मेल तपासत होते, 'नो रिप्लाय'ला उत्तरं पाठवत होते आणि ती परत आली की कंपनीला शिस्त नाही म्हणत होते. त्यांच्यावर चिडण्यात माझे दिवस बरे जात होते.

ते पुढच्या उन्हाळ्याआधी गेले. दुपारचं जेवण झालं, आरामखुर्चीत बसले आणि उठले नाहीत. मोबाइल काकूंनी चालू ठेवला. लोकांचे फोन येतात म्हणाल्या, त्यांना सांगावं लागतं.

वाचनालयात नुकताच नवा संगणक आला. मी त्यावर आमचं खातं उघडलं आणि पत्रकं वर्षांप्रमाणे लावायला बसले. थोड्याच वेळात फोन वाजला. काकू होत्या.

"पोरी, यायच्या मोबाइलवर काईतरी आलं वं. कोणतरी खात्यात शिरलं म्हणते. यवतमाळजवळ."

"मीच आहे काकू. हो दाबा."

"तू यवतमाळात हायस?"

"नाही काकू. वाचनालयात आहे."



"मंग हो कसं दाबू?" त्या म्हणाल्या. "थांब. यायले इचारतो."

मोबाइल कानापासून दूर गेल्याचं मला कळलं. दोन-चार पावलं वाजली आणि थांबली. वर पंखा फिरत होता, त्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळानं आरामखुर्ची करकरली, त्या तिथे बसल्या असाव्यात.